चौदा गाळ्यांचा साकव

साकव चौदा गाळ्यांचा आहे. दोन मेढींच्या, म्हणजे पाण्यात ठोकलेल्या खांबांच्या, मधला भाग म्हणजे एक गाळा, सात फुटांचा. प्रत्येक गाळ्यावर दोन फळ्या. फळ्या ऐनाच्या, काही किंजळाच्या. दिवाळी झाली, सावित्रीचं पाणी उतरलं की हा लाकडी पूल उभा करायचा आणि मृग लागायच्या आत उतरवायचा. पोलादपूर सोडून महाडकडे येताना नदीच्या एका ठिकाणी दोन धारा होतात. त्या दोन धारांच्या मधे बेटवाडी. घरं चौदा. एका घराने एक गाळा द्यायचा, अशी रीत. एका घराच्या फळ्या आल्या नाहीत तर साकवाला सात फुटांचं खिंडार पडतं आणि खाली डोह आहे. डोहात सुसरी आहेत.

चौदाव्या घरची ठकूबाय गेली तेव्हा श्रावण होता. साकव नव्हता. बेटावर उंबराखाली पत्रे उभारून तिला अग्नी दिला. पाच घरांतली माणसं तिकडे होती, बाकीचे आम्ही अलीकडे महामार्गाच्या कडेला छत्र्या धरून उभे. पाऊस धरून होता, त्यामुळे धूर वर चढला नाही. पाण्यावरून सरपटत आमच्याकडे आला. तिचं वय सुमारे नव्वद. जन्माची नोंद कुठेच सापडत नाही अशा माणसाच्या वयाआधी ‘सुमारे’ लिहायचं, हे मला वृत्तपत्रात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

दिवाळीनंतर बाळारामचा फोन आला. बाळाराम म्हणजे बेटावरचं चौथं घर. साठीचा आहे, अजून तिथेच भात लावतो.

“सोमवारी तलाठी भाऊसाहेब येतायत पाहणीला. साकव पुरा दिसला नाय तर वस्ती नाय असं लिवून जातील. मग वाडी यादीतून गेली. लाईटचे खांब पुरात गेलेत ते गेलेच, रेशन पन बंद. ऐकतीस ना?”

“ऐकतेय.”

“तुमचा गाळा सातवा. फळ्या हायत. उचलायला घरचं मानूस पायजे.”

चाळीस वर्षांत आमच्या घरच्या फळ्या आमच्या घरच्या कोणी उचललेल्या नव्हत्या. त्याआधी, बेट सोडल्यावरची पहिली दोन वर्षं, माझे वडील येऊन गेले होते. मी म्हटलं, येते.

रविवारी होडीने बेटावर उतरले. ठकूबायच्या घराला कुलूप नव्हतं, कडीत एक काटकी अडकवलेली होती. आत शिरल्यावर माळ्यावरून तो वास आला.

काजूच्या टरफलांचं तेल. काळं, दाट, घशाला चावणारं. मे महिन्यात साकव उतरला की ठकूबायच्या अंगणात सगळ्या फळ्या उन्हात पडायच्या. तळाला भोक पाडलेल्या मडक्यात टरफलं भाजायची, खालच्या भांड्यात तेल थेंबथेंब गळायचं. ते उघड्या हाताला लागलं की कातडी सोलून निघते, म्हणून बायका आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळून घ्यायच्या आणि मग नारळाच्या शेंडीने एकेक फळी माखायच्या. फळ्यांच्या टोकाला पटाशीने कोरलेली खूण असायची. आमची खूण विळा. बाळारामकडची कोंबडीचं पाऊल. कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या तीन रेघा. ठकूबायच्या फळ्यांवर काहीच नव्हतं.

“तुझी खूण कुठाय?” मी एकदा विचारलं होतं. सहा-सात वर्षांची असेन.

“जिला खूण नाय ती माझी,” ती म्हणाली. “चल, हात चालव. बोलून फळी माखत नाय.”

तिला मूल नव्हतं. सगळी वाडी तिला आत्या म्हणायची. नवरा लक्ष्मण मुंबईला गेला आणि परतला नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याहून जास्त विचारायची पद्धत नव्हती. तिचं माहेर वरंधचं, डोंगरातलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात ती चार महिने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती, असं जुन्या बायका सांगायच्या. त्याच बाईने पुढे बेटावरच्या तीन पिढ्यांना पोहायला शिकवलं. लहान धारेत, कमरेइतक्या पाण्यात. पाठीला सुका भोपळा बांधायची. भोपळ्याच्या आत बिया खुळखुळायच्या, हात मारला की कानामागे तो आवाज यायचा.

“मी बुडेन,” मी रडत होते.

“भोपळा बुडतो काय गो?”

“नाय.”

“मग तुझ्यात भोपळ्याइतकी पन अक्कल नाय काय? मार हात.”

काठावरची पोरं हसली. मी रागाने हात मारला. पलीकडे पोहोचले तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून कपडे पिळत होती. पाहिलंच नाही असं दाखवत होती.

पावसाळ्याआधी वाडीत आगोट भरायची. तांदूळ, मीठ, सुकट, रॉकेल, चार महिन्यांचं सगळं. शाळकरी मुलं पलीकडच्या घरांत राहायला जायची. प्रत्येक घराचं पलीकडे एक ठरलेलं घर होतं आणि ही जोडी ठकूबायने लावलेली होती. त्या घरांत आम्ही जेवायचो, भांडायचो, एकमेकांच्या उवा काढायचो. रोज सकाळी बेटावरून थाळीचा आवाज यायचा. तीन ठोके, मधे थांबून पुन्हा तीन. ठकूबाय पितळी थाळी लाकडाच्या पळीने वाजवायची. त्याचा अर्थ, इकडे सगळे धड आहेत. मग इकडच्या काठावरून कुणीतरी उलट तीन ठोके द्यायचं. धुकं असेल, नदी गर्जत असेल, समोरचं झाड दिसत नसेल, तरी ते तीन ठोके ऐकल्याशिवाय आम्ही शाळेची वाट धरत नसू. आईचा चेहरा पाहिल्यासारखं वाटायचं. पितळेचा तो आवाज ओला असायचा. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही.

साकव उभारण्याच्या दिवशी मोठ्या टोपात कुळथाचं पिठलं शिजायचं. पुरुष आधी पाण्यात उतरून मेढी ठोकायचे, काथ्याने वासे आवळायचे. मग सगळी वाडी काठावर जमायची आणि ठकूबाय एकेक घर पुकारायची. घराचं नाव घेतलं की त्या घरच्या माणसाने “हाय” म्हणायचं, फळ्या उचलायच्या आणि आपल्या गाळ्यावर नेऊन टाकायच्या. बेटाकडून सुरुवात. पहिला गाळा पहिल्या घराचा, शेवटचा चौदावा, महामार्गाच्या काठाला टेकणारा, तिचा. घरांचा जो क्रम वाडीत तोच पाण्यावर. साकवावरून चालताना आम्ही मुलं प्रत्येक गाळ्यावर त्या त्या घराच्या नावाने पाय आपटायचो. भांडण झालेलं असेल त्या घरावर जरा जोरात.

मग घरं मिटायला लागली. एक मुंबईला गेलं, दुसरं ठाण्याला. त्या वर्षी पुकारा झाला आणि उत्तर आलं नाही. ठकूबायने तीनदा नाव घेतलं. मग ती स्वतःच म्हणाली, “हायत. कामात हायत. येतील,” आणि ओचा खोचून स्वतःच फळ्या उचलल्या. ती रीत तेव्हापासून पडली.

वडिलांना बिरवाडीला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी चौथीत होते. तिथे एका खोलीत भाड्याने राहिलो. खिडकी उघडली की रसायनांचा गोडसर वास यायचा. सकाळी थाळी नव्हती, भोंगा होता. आमच्या घराचं नाव पुकारल्यावर “कामात हायत” म्हणणारी ती होती, हे मला फार उशिरा कळलं. मी विसाव्या वर्षी महाडच्या एका दैनिकाच्या कचेरीत लागले आणि पुढे तिथेच राहिले.

आता माझ्या चुकीबद्दल.

मोठा पूर आला त्या वर्षी, पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेटासमोरच्या काठावर होते. या काठावरची घरंही रिकामी झाली होती. पाणी महामार्गाच्या खाली दोन हातांवर. कशेडी घाटात दरड आली होती, ट्रक ओळीने उभे. बेटावरच्या कौलांतून धूर निघत नव्हता. माणूस दिसत नव्हतं. बंदोबस्तावरच्या माणसाने सांगितलं, सगळे हलवलेत. मी तीन गोष्टी पडताळल्या आणि बातमी दिली. बेटवाडी निर्मनुष्य, रहिवासी सुरक्षित स्थळी.

त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. पान ओलं होऊन शाई पसरली आहे, पण वाचता येतं. ‘धूर नाही. हालचाल नाही.’ त्याखाली, ‘थाळी? खात्री नाही.’ आणि त्यावर काट. ज्याची खात्री नाही ते छापायचं नाही, हा नियम. मी नियम पाळला. मी त्या आवाजावर वाढले होते. खाली वाकून एक दगड उचलायचा आणि रस्त्याच्या लोखंडी कठड्यावर तीनदा मारायचा, एवढंच करायचं होतं. मी केलं नाही.

बेटावर तीन माणसं होती. ठकूबाय आणि दोन म्हातारी भावंडं, त्यांतला भाऊ अंथरुणाला खिळलेला. देवळाच्या जोत्यावर, दोन दिवस, भिजवलेले पोहे खाऊन. ती थाळी वाजवत राहिली. उलट ठोका आला नाही. होडी तिसऱ्या दिवशी गेली, तीही बाळारामने भांडून नेली म्हणून.

पंधरवड्याने ती आमच्या कचेरीत आली. एसटीने, एकटी. पाय चिखलाचे. बाकावर बसली आणि हातातलं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. बाळारामने वाचून दाखवलं होतं.

“ह्यात मी कुठं हाय?”

“आत्या, तेव्हा मला जे कळलं ते...”

“मी इचारलं, मी कुठं हाय.”

“नाही. तू नाहीस ह्यात.”

“मग वाजवत कोन होतं?”

कचेरीतले सगळे टंकायचे थांबले होते. मी तिला चहा मागवला. ती म्हणाली, चहा नको, खरं छाप. मी संपादकांकडे गेले. पुराच्या बातम्यांना खुलासे द्यायला लागलो तर पानं पुरणार नाहीत, ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. मी बाहेर येऊन तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्यात रडत उभी असताना पाहायची तसंच, आणि उठली.

“बरं,” ती म्हणाली. “तुला येल होईल तेव्हा छाप. मी काय कुठं जात नाय.”

त्या कात्रणाला पाय फुटले. पुरानंतर महामार्गालगत नव्या वसाहतीत घरं द्यायची ठरली तेव्हा ते फाईलमध्ये जाऊन बसलं. वस्ती नाही, याचा पुरावा म्हणून. कोणी ठेवलं, मला ठाऊक नाही. काही घरांनी नवी जागा घेतली. त्यांना दोष देता येत नाही, त्यांची मुलं लहान होती. ठकूबायने घेतली नाही. पाहणीला साहेब आले त्या वेळचं बोलणं मला बाळारामच्या बायकोने, सुनंदाने, ऐकवलं. सुनंदा आवाज काढून सांगते.

“आजी, तिकडे पक्कं घर मिळेल.”

“मिळू दे की. साकव कुठं बांधू तिकडं? गटारावर?”

“पूर येतो हो इथे.”

“येतो आन जातो. पाव्हना हाय तो. पाव्हना आला म्हनून घरधनी घर सोडतो काय?”

मग साहेबांनी कात्रण काढलं. आजी, पेपरात आलंय, इथे कोणी राहत नाही. ठकूबायने ते लांब धरून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“हे आमच्याच पोरीनं लिवलंय,” ती म्हणाली. “सातव्या घरची. ल्हानपनापासून वाईच घाईची हाय. सुधारंल.”

हे सांगताना सुनंदा हसली. मी हसले नाही.

त्यानंतरची वर्षं ती दर मेमध्ये चौदा घरांच्या फळ्या माखत राहिली. शेवटची दोन वर्षं बसून. हात काळे पडले होते, खोबरेल लावायची तसदीही घेईना. कुणी म्हटलं, आत्या, बंद घरांच्या कशाला माखतेस, तर म्हणायची, बंद घराच्याच आधी कुजतात.

माळ्यावर फळ्या रचलेल्या होत्या, क्रमाने. मी चाचपत सातवी जोडी शोधली. टोकाला विळा, तेलाने काळा आणि गुळगुळीत झालेला. चाळीस वर्षांच्या लाकडाला कुठे कीड नव्हती.

सोमवारी सकाळी दहाला तलाठी भाऊसाहेब आले. तरुण, सभ्य माणूस. बगलेत फाईल. महामार्गाच्या काठावर, चौदाव्या गाळ्यासमोर, उभे राहिले. आम्ही बेटाच्या बाजूला. पुकारा सुनंदाने घेतला. पाच घरांनी जागेवरून “हाय” म्हटलं. दोन घरं नव्या वसाहतीतून आली होती, त्यांनी फळ्या उचलताना कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सुनंदा त्यांना म्हणाली, “पक्क्या घरात राहून हात मऊ पडले काय रे? धर नीट.” सगळे हसले आणि ते अवघडलेपण गेलं. दहाव्या घराचा मुलगा घाटकोपरला असतो. त्याने मोबाईलवर तोंड दाखवून “हाय” म्हटलं.

“मोबाईलमधला हात फळी उचलतो काय?” सुनंदाने विचारलं.

“मामी, सुट्टी नाय मिळाली गो.”

“शिमग्याला ये, मग बघते तुला. अवो, उचला ह्याची.”

माझं घर पुकारलं गेलं तेव्हा माझ्या तोंडून “आहे” गेलं. सुनंदाने भुवया उचलल्या.

“हाय,” मी म्हटलं. फळ्या जड होत्या. सातव्या गाळ्यापर्यंत जाताना खाली पाणी हिरवं आणि स्थिर होतं. हाताला तेलाचा वास लागला. तो अजून गेलेला नाही.

ज्या चार घरांचं कुणी आलं नव्हतं त्यांच्या फळ्या बाळारामने टाकल्या. बारा, तेरा. मग सुनंदा थांबली. समोर सात फुटांचं खिंडार आणि त्यापलीकडे भाऊसाहेब.

“ठकूबाय लक्ष्मणच्या घरचं कोन हाय?”

सुनंदाने पुन्हा पुकारलं.

“ठकूबाय लक्ष्मणच्या घरचं कोन हाय?”

वसाहतीतल्या एकाने हळूच म्हटलं, तिच्या घरचं कोण असणार, घरच संपलं. बाळारामने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कोणत्याही घराला ठकूबाय कधी संपलं म्हणाली नव्हती. सुनंदाने तिसऱ्यांदा नाव घेतलं.

“हाय,” मी म्हटलं. “कामात हाय.”

माझ्यामागून आणखी कोणी म्हटलं, मग सगळ्यांनीच. बिनखुणेच्या दोन फळ्या हातोहात तेरा गाळ्यांवरून पुढे आल्या. शेवटी बाळारामने आणि मी त्या टाकल्या. फळीचं टोक भाऊसाहेबांच्या बुटापाशी टेकलं.

“किती घरं?” त्यांनी फाईल उघडली.

“चौदा,” बाळाराम म्हणाला.

“राहती किती?”

“पाच.”

“मग चौदा कशी?”

“चालून बघा भाऊसाहेब. मोजत या.”

ते चालले. बेटापर्यंत गेले, पिठलं खाल्लं, परत आले. चौदाव्या गाळ्यावर मला गाठून म्हणाले, “मला दिसतंय ताई. पण फाईलला हे कात्रण आहे. त्याच्यासमोर लावायला माझ्याकडे कागद हवा.”

मी वहीतलं पान फाडलं. साकवावर बसले, पाय डोहावर सोडून, आणि लिहिलं. बातमीच्या भाषेत, कारण मला तीच येते. खाली नाव घातलं, सही केली, तेलाचा अंगठा कागदावर उमटला तो पुसला नाही. कागद असा आहे.

‘खुलासा. पुराच्या वेळी बेटवाडी निर्मनुष्य असल्याची बातमी मी दिली होती. ती चुकीची होती. त्या दिवशी बेटावर तीन माणसं होती आणि थाळी वाजत होती. ती मी ऐकली होती. वाजवणाऱ्या बाईचं नाव ठकूबाय लक्ष्मण. आज बेटावर पाच घरं उघडी आहेत, नऊ कामात आहेत. साकव चौदा गाळ्यांचा आहे.’